घोटलेला शाफ्ट

महाडच्या आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये सकाळ दारातून येत नसे. ती छपराखालच्या पूर्वेकडील खिळ्याच्या भोकातून येई. बोटाएवढी, तिरपी, तेलकट धुळीत किंचित थरथरणारी. आधी ती समोरच्या भिंतीवरील कॅलेंडरवर थांबे, मग कोनाड्यातल्या गणपतीला ओलांडून सावकाश लेथवर उतरे आणि कालच्या लोखंडाच्या कुरळ्या चिपांत शिरून त्यांना क्षणभर दागिन्यांची प्रतिष्ठा देई. कवडसा लोखंड पकडणाऱ्या चकाच्या जबड्यांपाशी पोहोचेपर्यंत मी काहीच करत नसे. कोणीही न पाहिलेला हा साधा उजेड ज्यात उतरून राहील, असे काहीतरी आपल्या हातून घडावे, एवढीच माझी इच्छा होती.

त्यासाठी मी घोटणी केली. कारखान्यांत तिला बर्निशिंग टूल म्हणतात. तिला धार नसते. तुटक्या कार्बाइड हत्याराचे नाक मी घासायच्या हिरव्या चाकावर गोल केले आणि हिऱ्याची पेस्ट लावलेल्या सागाच्या फळीवर तीन दिवस घासले. भिंगातूनही ओरखडा दिसेनासा होईतो. फिरत्या लोखंडावर तेलाचा थेंब सोडून ती नुसती दाबायची. ती कापत नाही. सूक्ष्म उंचवटे खाली बसवते आणि झिलई वर आणते.

“कापायचं नाही, दाबायचं, आणि वर चमकायचं,” आमचे मालक यज्ञेश्वरकाका म्हणाले. “गंधार, तू चुकून टर्नर झालास. राजकारणात जायचं होतंस.”

अठ्ठ्याण्णवच्या फेब्रुवारीत पोलादपूरच्या वरच्या वाडीतून रंगूबाई एसटीने आल्या. मांडीवर जुन्या लुगड्यात गुंडाळलेला, वाडीच्या पाणीयोजनेच्या पंपाचा झिजलेला शाफ्ट, त्याचा फिरता दांडा, होता.

“महिना झाला पंप बंद हाय, शेट. वढ्यावरनं हंडा चढवताना गुडघे बोलतात.”

“काय बोलतात?” काकांनी विचारले.

“ते हितं सांगण्यासारखं नाय.”

नवा शाफ्ट मी केला. बेअरिंग बसते तिथे तो पंचवीस मिलिमीटर भरायला हवा होता. पण घोटणीखाली पृष्ठभाग नितळ मिळावा म्हणून मी आणखी एक पातळ काप घेतला. मायक्रोमीटरने तीन शतांश मिलिमीटरची तूट दाखवली. केसाच्या निम्म्याहूनही कमी. दाबल्यावर धातू थोडा फुगेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. दाबल्यावर धातू फुगत नाही, हे मला पहिल्याच वर्षी शिकवले होते. मायक्रोमीटर पेटीत ठेवून मी पेटीवर फडके टाकले आणि घोटणी लावली.

शाफ्टात सकाळ उतरली. मी तिच्याकडे पाहत राहिलो.

पाणीयोजनेचे साहेब तपासणीला आले ते सव गावच्या गरम झऱ्यांत न्हाऊन, स्वतःही घोटल्यासारखे तुकतुकीत. त्यांनी शाफ्ट उभा धरला. उभ्या गोल आरशात रुंद वस्तू अरुंद दिसते.

“अरे वा! मी चक्क बारीक दिसतोय.”

“दिसताय कशाला साहेब? आहातच,” काका म्हणाले.

साहेबांनी शाफ्टात पाहून मिशी सारखी केली. “मापं?” त्यांनी विचारले आणि स्वतःच हसले. “आरसा कोणी मोजतं का?” सही झाली.

रंगूबाईंनी त्यात चेहरा पाहिला नाही. बेअरिंगच्या जागेवर अंगठा फिरवून म्हणाल्या, “चकाकतोय बरा. पण घट्ट बसंल ना रे बाबा?”

“बसेल,” मी म्हणालो.

पंपात जाण्यापूर्वी वाडीत शाफ्टाचा सत्कार झाला. टेबलावर पांढरे कापड, शाफ्टाला हार, हळदकुंकू. योजनेचा कारभार या शाफ्टाइतका स्वच्छ असल्याचे वक्त्यांनी सांगितले. मग गाव रांगेने येऊन आपापले तोंड पाहून गेले. पंप सुरू झाला, टाकीत पाणी पडले, आणि टाळ्यांत मीही टाळ्या वाजवल्या.

नवव्या दिवशी बेअरिंग शाफ्टावर सैल फिरू लागले, किंचाळले आणि जाम झाले. साहेबांनी जागेवर न जाताच अहवाल दिला: व्होल्टेजचा दोष.

“व्होल्टेज!” काकांनी गणपतीला हात जोडले. “सुटलो, गंधार.”

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगूबाई आल्या. तेच लुगडे, तीच गुंडाळी. त्यांनी शाफ्ट लेथवर ठेवला. बेअरिंगची जागा जळून निळी पडली होती. उरलेला भाग मात्र तसाच झळाळत होता. कवडसा त्यावरून घसरत चकापाशी आला.

“साहेब म्हनतात लायटीचा दोष. हे शेटबी म्हनतात लायटीचा,” रंगूबाई गुडघ्यावर हात ठेवून स्टुलावर बसल्या. “लायटीचा आसंल तर नवा शाफ्टबी जळंल, मग मी करवून कशाला नेऊ? केलास तू. तू सांग.”

काका माझ्याकडे डोळे वटारून पाहत होते. मी पेटीवरचे फडके काढले.

“शाफ्ट बारीक होता, मावशी,” मी म्हणालो. “घोटायच्या आधीपासून.”