नळाला बांधलेली तार

माझ्या लेकाने परदेशी जाताना गच्चीवरच्या डिशला अर्थिंगची तार बांधली आणि मला बजावलं, "आई, हिला हात लावायचा नाही. वीज पडली तर हीच घर वाचवेल." त्याला चार वर्षं झाली. दर रविवारी फोनवर पहिला प्रश्न तोच, "तार नीट आहे ना?" मी म्हणायची, "आहे बाबा." आई नीट आहे का, हे विचारायचं काही सुचत नाही शहाण्याला.

परवा चित्र अडकायला लागलं म्हणून फिटरला बोलावलं. त्याने तार खालपर्यंत चाचपली आणि कपाळाला हात लावला.

"मावशी, ही नळाच्या पाइपला कुणी बांधली?"

"माझ्या मुलाने. घट्ट आहे चांगली."

"घट्ट आहे हो. पण पाइप प्लास्टिकचा आहे. तिचा जमिनीशी संबंधच नाही."

लोखंडी पाइप सडला होता, तो मीच दोन वर्षांपूर्वी बदलून घेतला. प्लंबरने तार जशीच्या तशी नव्या पाइपला गुंडाळली, आणि मला काय कळतंय त्यातलं.

फिटरने पक्कड काढली तशी मी आडवी आले. "कापायची नाही."

"तार आहे मावशी, दागिना नव्हे."

"तुला काय जातंय बोलायला? तू रोज घरी जेवायला जातोस."

त्याने पक्कड पिशवीत टाकली. मग एकेक पीळ हाताने सोडवून तारेचं वेटोळं त्याने माझ्या हातात दिलं. वरच्या टोकाला लेकाने गुंडाळलेली निळी टेप तशीच होती. केबलचा सैल झालेला जोड त्याने घट्ट केला, ती घरात शिरते तिथे पितळी ठोकळा बसवला, नवी जाड तार ओढली आणि डिश, केबल दोन्ही मीटरजवळच्या घराच्या अर्थिंगला जोडल्या. वेटोळं मी लेकाच्या शर्टांच्या खणात ठेवलं.

रविवारी फोन आला. "तार नीट आहे ना?"

दोन वर्षं ती नुसती शोभेला होती तेव्हा मी बिनधास्त हो म्हटलं होतं. आज कुठे खरोखर नीट झाली होती.

"नाही रे," मी म्हटलं. "बिघडलीय. फिटर म्हणतो, ज्याने बांधली त्यालाच बोलवा."

तो म्हणाला, "मी येईपर्यंत टीव्ही लावू नकोस. रजेचं बघतो."

समोर चित्र अगदी स्वच्छ दिसत होतं. मी उठले आणि प्लग काढून ठेवला.