फादरच्या स्कूटरला भारीतली तार

फादर प्लासिड तिसऱ्यांदा स्कूटर ढकलत वालीवच्या शेडवर आले, तेव्हा क्लेमेंटीनचा पपा, कॉन्रॅड वेल्डर, मागच्या दाराने पळता येईल का ते बघत होता.

"कॉन्रॅड, जोड पुन्हा तडकला. आता मुंबईला देतो."

"फादर, सगळ्यात भारी तार वापरली! खास तुमच्यासाठी."

तिथेच तर गोची होती. दगडावर आपटून फुटलेलं इंजिनचं ॲल्युमिनियमचं झाकण पपा भक्तिभावाने महागडी तार वितळवून सांधत होता. दहावीतल्या क्लेमेंटीनने टेबलाच्या डुगडुगत्या पायाखालची घडी ओढली. तारेच्या पुड्यातलाच कागद. इंग्रजीत होता, म्हणून पपाने त्याला टेबल उचलायला लावलेलं.

"पपा, ही तार पत्रा जोडायची. झाकण ओतीव आहे, त्यात सिलिकॉन असतं. तारेतपण तेच पाहिजे, नाहीतर थंड होताना तडकणार. लिहिलंय बघ!"

"मला शिकवते?"

"मी सांगते तसा जोड टिकला तर आयटीआयच्या फॉर्मवर सही करशील? शिवणक्लास गेला खड्ड्यात. मला वेल्डिंग शिकायचंय."

पपाने फादरकडे बघितलं. फादरने स्कूटरचं हँडल मुंबईच्या दिशेला वळवलं.

"करेन, बाई, करेन!"

तसली तार वालीवात कुठली मिळायला? क्लेमेंटीनने भंगारातून तसल्याच स्कूटरचं फुटकं झाकण काढलं, त्याचा तुकडा वितळवून लोखंडी अँगलच्या खाचेत ओतला. दोन वाकड्या कांड्या निघाल्या.

"शेवग्याच्या शेंगा," पपा म्हणाला. पण जुना जोड घासून काढून त्याच कांड्यांनी त्याने झाकण सांधलं.

फादरने खिशातून पवित्र पाण्याची बाटली काढली.

"फादर, नको! तापलेल्यावर पाणी पडलं तर फुटेल!"

फादर ओशाळले. "मागे दोन्ही वेळा शिंपडलेलं गं."

पपा आनंदाने उडालाच. "बघ! पाण्यानेच तडकलं! तार माझी बरोबरच! सही कॅन्सल!"

क्लेमेंटीनने कमरेवर हात ठेवले. भंगारातलं उरलेलं झाकण त्याच्यापुढे आपटलं. "मग यावर चालव तुझी तार. बिनपाण्याची."

पपाने तोऱ्यात चालवली. मग तिघंही दोन्ही जोडांना कान लावून बसले. प्रार्थनेलासुद्धा फादर इतके गप्प बसत नसत.

टिक.

पपाच्या जोडावर केसाएवढी रेघ उमटली. फादरचं झाकण हाताला गार लागेपर्यंत मुकाट राहिलं.

"पेन आहे का, फादर?" पपा पुटपुटला.

फादरने पेन दिलं. बाटली मात्र क्लेमेंटीनने आधीच काढून घेतली होती.