चमचाभर सोडा

"मिठाचा खडा म्हणून ह्यांच्या ताटात पडू देत न्हाय मी," गौराबाई म्हणाली. "आळणी आमटी बघून तोंड पाडून बसत्यात, तरी न्हाय."

डॉक्टर अवनीने रक्तदाबाचा पट्टा सोडवला. आकडा मागच्या महिन्यापेक्षा वर होता. रुद्रय्याचे पाय तसेच सुजलेले. गोळी दोनदा वाढवून झाली होती.

"आजोबा बाहेर काही खातात का? भजी, वडा?"

"भाईर सोडती कुठं ही," रुद्रय्या म्हणाला. "कारखान्यात बॉयलरवर तीस वर्षं काढली, पर एवढा पहारा तितं बी नव्हता."

"काढा, चूर्ण काही?"

"छ्या. जेवल्यावर कोमट पाण्यात तेवढा खायचा सोडा देते. दोन्ही येळा, चमचा-चमचा. जळजळ लगीच बसती." शाबासकी मिळेल अशा नजरेने गौराबाईने वर पाहिलं.

अवनीचं पेन थांबलं. "किती दिवस?"

"दोन वर्षं झाली की."

"आजी, मिठातलं सोडियम टाळतोय ना आपण? तेच सोड्यात असतं, भरपूर. जळजळीवर मी गोळी देते. पण पोटात सोडा आजपासून बंद."

कसबा बावड्यातल्या त्या गल्लीत सोडा म्हणजे गौराबाई. करपलेलं दुधाचं पातेलं तिच्या हाती उजळावं, कळकट ओट्याने तिच्या हाती हसावं. फ्रिजात वास येतो? वाटीभर ठेव. द्राक्षं आणलीस? सोड्याच्या पाण्यात बुडव. जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, भांड्याला मात्र ती सोडा लावू द्यायची नाही. काळं पडतं म्हणून. जर्मनला काय सोसत नाही, ते तिला पाठ होतं.

दोघं घरी आली. स्वयंपाकघरातला सोड्याचा डबा उचलून गौराबाईने मोरीतल्या फळीवर ठेवला.

"मीच मागत हुतो की, गौरा," रुद्रय्या म्हणाला.

"मागितलं म्हणून द्यायचं व्हय?"

तिने पुन्हा चपला घातल्या.

"आता कुठं?"

"गल्लीत. समद्यांस्नी मीच शिकवलंय."

सहा घरं झाली. प्रत्येक उंबऱ्यावर तेच. "भांडी घासा, फरशी पुसा. रोज पोटात घालू नगा. जळजळ हटंना तर डॉक्टरला दावा."

शेवटच्या घरातली धोंडुबाई पदर खोचत पुढे आली. "अगं, काल तर म्हणत हुतीस, अमृत हाय."

"म्हणत हुते. आमच्या ह्यांच्या पायावरची सूज माझ्या हातची हाय, धोंडे. तुझ्या घरात नगं."

धोंडुबाईने खोचलेला पदर सोडला आणि बाहेर येऊन गौराबाईला कोपऱ्यापर्यंत पोचवलं.

रुद्रय्या घराच्या पायरीवर बसला होता. गौराबाई खालच्या पायरीवर टेकली. त्याचा पाय तिने मांडीवर घेतला. तो ओढू लागला, तिने सोडला नाही. घोट्याच्या वर अंगठा दाबून उचलला. कातडीत खळगा पडला, ओल्या मातीत पडावा तसा.

ती बघत राहिली. तोही वाकून बघू लागला.

"भरतोय बघ," थोड्या वेळाने तो म्हणाला. "हळूहळू भरतोय."