डाव्या बाजूची पट्टी

मी एक जुनी लोखंडी पट्टी आहे. लांबीला वीतभर, वरच्या टोकाला तारेसाठी एक भोक, खाली बोल्टांची भोके. मित्रांनो, निजामाच्या राजवटीत, १९४४ साली, लोहारा गावच्या धोंडप्पा लोहारांनी मला घडवले.

जवळच्याच एका जहागीरदारांची तलावात शिडाची होडी होती. तिची डोलकाठी दोन्ही बाजूंच्या तारांनी ताणून धरलेली असे. होडीच्या कडेला ठोकलेल्या पट्ट्यांत त्या तारा अडकवत. डावीकडची पट्टी तडकली, म्हणून तिच्या जागी मी आले. नावाडी जाफर यांनी मला बोल्टांनी आवळले, तार ताणली, बोटाने वाजवून पाहिली आणि ते हसले. माझ्या आयुष्यातला तेवढाच आनंदाचा दिवस.

मग ते उजवीकडची जुनी पट्टी खोलू लागले. कारभारी हिंमतराव म्हणाले, "ती तर चांगली दिसतीया. हैदराबादचे पाहुणे किती खोळंबायचे?"

"साहेब, बोल्टाखाली गंज असतोय. काढून बघू द्या. दोनच घंटे."

"उद्या बघ."

होडी तलावाच्या मध्यावर गेली आणि वारा फिरला. सगळा ताण उजवीकडच्या पट्टीवर आला. ती बोल्टाच्या भोकापाशी तुटली. डोलकाठी कोसळली ती जाफर यांच्या पाठीवर. पाहुण्यांना खरचटलेही नाही. जाफर मात्र पुन्हा कधी उभे राहिले नाहीत.

हिंमतरावांनी गावभर सांगितले, "लोहाराची नवी पट्टी कच्ची निघाली." लोक धोंडप्पांकडे नांगराचा फाळसुद्धा आणेनात.

जाफर यांच्या बायकोने, ताहेराबीने, मला आणि त्या तुटलेल्या पट्टीला होडीतून काढवून घेतले. पदरात बांधून ती लोहाऱ्याच्या बाजारात गेली.

"बघा. ही धोंडप्पामामांची, शाबूत हाय. तुटली ती जुनी. आतनं निम्मी गंजानं खाल्लेली."

लोकांना पटले, त्यांनी माना डोलावल्या. मग ताहेराबी मला धोंडप्पांकडे घेऊन गेली, पण त्यांचा भाता बंद पडून सहा महिने झाले होते. त्यांनी मला हातात घेतले, उलटून पाहिले.

"आता हातोडा उचलवत न्हाय, बाई," एवढेच म्हणाले आणि मला परत दिले.

मित्रांनो, जाणता माणूस 'उघडून बघू द्या' म्हणाला, तर त्याला तेवढा वेळ द्या. बाहेरून धड दिसणारे आतून धड असतेच असे नाही.

त्याला आता वीस वर्षे होत आली. तेव्हापासून मी जाफर यांच्या खाटेजवळच्या कोनाड्यात असते. पडल्या पडल्या ते मला मागून घेतात आणि गंज चढू नये म्हणून माझ्यावर तेलाचे बोट फिरवतात. मला आता काहीच धरून ठेवायचे नाही, तरीही.