भरलेली बॅटरी

यूपीएसनं पहिली शिट्टी दिली तेव्हा सगुणाबाई मधल्या खोलीच्या उंबऱ्यात बसून लसूण सोलत होत्या. डोक्यावरचा पंखा सुस्तावला आणि थांबला. शेजारच्या गिरणीची घरघरही बंद पडली, म्हणजे सगळ्या वाटूरची लाइट गेली होती. कॉम्प्युटर मात्र उजळलेलाच होता.

त्याच्यासमोर बसलेल्या सुनेनं, वंदनानं, मागे न बघता डावा हात वर केला. घाबरू नका आणि बोलूही नका, असं दोन्ही त्या हातात होतं.

टूं. जरा थांबून पुन्हा, टूं.

साडेअकरा झाले होते. पेपर बाराला संपणार होता. जालन्याच्या एका बियाणे कंपनीला घरी बसून नोंदी करणारी माणसं हवी होती, त्यासाठी ही परीक्षा. काम लागलं तर वंदना इथंच राहणार होती. नाही लागलं तर दिवाळीनंतर तिला नेऊन, आपण कामाला आहोत त्या मिलजवळ खोली करायची, हे मुलानं, कल्याणनं, ठरवून टाकलं होतं. ‘माय, तू बी चल,’ असं तो म्हणाला होता खरा, पण खोली एकच होती.

सकाळी चहा पिताना वंदनानं सगळं समजावून सांगितलं होतं. शेवटचं बटन दाबेपर्यंत कंपनीकडे काहीच पोचत नाही. मधेच कॉम्प्युटर बंद पडला तर पेपर गेला, पुन्हा बसू देत नाहीत. म्हणून तर तो यूपीएस आणला होता.

सगुणाबाईंच्या मांडीवरचा फोन थरथरला. त्यांनी तो छातीशी दाबला आणि लगबगीनं अंगणात आल्या. वंदनाचा मोबाइल इंटरनेटला जुंपलेला होता, म्हणून कल्याणनं आईला लावला होता.

“माय, लाइट हाय का?”

“गेली बाबा. आत्ताच गेली.”

“मंग? पेपर?”

“चालू हाय. ते डबडं वरडून राह्यलंय नुसतं.”

“वरडू दे. त्याचं कामच हाय ते.” मिलच्या खडखडाटात तो हसला. “काल दुपारी बॅटरी पुरी उतरल्ती, पण रातभर भरली असंल ना. अर्धा घंटा बिलकुल चालतंय.”

“रातभर?”

“भितीवरलं बटन चालू असलं की आपोआप भरतंय. मोबाइलवानी. चल ठेवतो, साहेब आला.”

फोन बंद झाला तरी सगुणाबाईंनी तो कानापासून काढला नाही.

काल दिवेलागणीला परतूरच्या बाजूनं आभाळ भरून आलं होतं आणि गडगडायला लागलं होतं. त्या लग्न होऊन या घरात आल्या त्याच साली गल्लीत विजेचे खांब उभे राहिले होते. आभाळ वाजलं की सासरे, रखमाजी, वाळक्या काठीनं भिंतीवरच्या मेन स्विचची खटकी खाली पाडायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. एकदा ते परगावी असताना खटकी तशीच राहिली आणि रेडिओ जळाला. त्यानंतर चार दिवस म्हातारा कुणाशी बोलला नव्हता. तो गेल्यावर हे काम सगुणाबाईंकडे आलं. गडगडलं की त्या हातातलं टाकून घरभर फिरायच्या. टीव्ही, फ्रीज, कॉम्प्युटर, सगळी बटनं खाली. कालही तशाच फिरल्या होत्या. सकाळी झाडता झाडता एकेक बटन वर केलं तेव्हा वंदना न्हाणीत होती.

त्या परत उंबऱ्याशी आल्या. वंदना निवांत दिसत होती. खुर्चीला टेकून, पेनानं ओठ टोकरत ती एकाच प्रश्नाकडे बघत होती. पुरी वीस मिनिटं हातात असल्यासारखी.

शिट्ट्या जवळजवळ यायला लागल्या होत्या.

बॅटरीच खराब निघाली, असं सगळे म्हणतील. दुकानदाराला दोन शिव्या बसतील आणि विषय मिटेल. सगुणाबाईंनी परातीतली एक सोललेली पाकळी उचलली आणि तीच पुन्हा सोलायला लागल्या.

“वंदना.”

हात वर झाला.

“वंदना, ते भरलेलं न्हाई.”

“आत्याबाई, दहा मिन्टं थांबा ना.”

“रातच्याला बटन मी बंद केल्तं. गडगडत होतं म्हणून. सकाळी चालू केलं तेवढंच भरलंय, बाई. जल्दी कर.”

वंदना वळली. एका शिट्टीपुरतं तिनं सासूकडे बघितलं. मग तोंड फिरवलं आणि माउसवर हात टाकला. पानं भराभरा खाली सरकली. आता शिट्टीला खंड नव्हता. तिनं बटन दाबलं. पडद्यावर एक लहानसं चक्र फिरायला लागलं, आणि फिरतच राहिलं. सगुणाबाईंनी चौकट धरली.

“आपला पेपर...” वंदना मोठ्यानं वाचायला लागली आणि पडदा काळा झाला.

यूपीएसही गप्प झाला. फाट्यावरच्या एसटीचा हॉर्न घरात ऐकू आला.

“पोचला का?”

“पोचला. हिरवी खूण आल्ती.” वंदना काळ्या पडद्याकडेच बघत होती. “सहा प्रश्न राह्यले.”

“सहा म्हणजे लई झाले?”

“बघू आता.”

तेवढ्यात सगुणाबाईंचा फोन पुन्हा थरथरला आणि वंदनानं तो मागून घेतला. बारा वाजायचीही कल्याणनं वाट बघितली नव्हती.

“हां, बंद पडलं,” ती म्हणाली. “न्हाई न्हाई, पाठवला. पण सहा राह्यले.” मग उंबऱ्याकडे न बघता, “अहो, बॅटरी चांगली हाय. माझ्याच हातून बटन बंद राह्यलं रात्री.”

पुढचं सगुणाबाईंना उंबऱ्यातूनही ऐकू येत होतं. किती बार सांगितलं तुला. एक काम धड होत न्हाई. ध्यान कुठं असतंय तुझं. वंदना मधे मधे नुसतं “हां” म्हणत होती आणि बोटानं टेबलावरची धूळ पुसत होती.

सगुणाबाईंनी हात पदराला पुसले. आत जाऊन त्या तिच्या खुर्चीशी उभ्या राहिल्या.

“इकडं दे तो फोन.”

वंदनानं मान हलवली, नको.

सगुणाबाईंनी पुढे केलेला हात मागे घेतला नाही.