दारावरचं लाल फडकं

आमच्या तळावर कायदा एकच होता: दाराच्या मुठीला लाल फडकं बांधलेलं असेल, तर ते दार वाजवायचं नाही. साखरेच्या बीटच्या काढणीच्या हंगामात अर्धे लोक दिवसपाळीला, अर्धे रातपाळीला. रातपाळीवाला सकाळी येणार, कॅम्परच्या खिडक्यांना चंदेरी कागद चिकटवून काळोख करणार, फडकं बांधणार आणि आडवा होणार. मागच्या हंगामात एका बाईने फडकं असताना दार वाजवलं होतं, उसनी अंडी मागायला. हंगाम संपेपर्यंत तिच्याशी कुणी बोललं नाही. नॉर्थ डकोटात देव, बंदूक आणि झोप यांची चेष्टा चालत नाही.

माझा थोरला भाऊ थर्मन रातपाळीला होता, मी दिवसपाळीला. आमचे कॅम्पर शेजारी-शेजारी. ही चाकांवरची घरं मुळात उन्हाळ्यात तळ्याकाठी मासे धरणाऱ्यांसाठी बनवलेली, भिंती बिस्किटाएवढ्या जाड. ऑक्टोबर सरत आला की त्यांत माणूस प्रोपेन गॅसच्या जिवावर जगतो. कॅम्परची स्वतःची भट्टी सिलिंडर ढोसते, म्हणून थर्मनने सिलिंडरला जोडायची एक छोटी शेगडी आणली होती. तिच्यावर लिहिलं होतं, खिडकी थोडी उघडी ठेवा. थर्मनच्या मते, ऊब विकत घेऊन खिडकीबाहेर फेकायचा सल्ला फक्त वकीलच देऊ शकतो. त्याने छताच्या झरोक्यातही उशी कोंबली. विषारी वायूचा इशारा देणारा भोंगा बेकन तळताना कोकलायचा, म्हणून तो काढून हत्यारांच्या पेटीत टाकला.

"तो उगाच नाही लावलेला," मी म्हणालो होतो.

"तुझ्या बायकोसारखाय. कारण नसताना ओरडतो."

"ती गेली सोडून."

"तेच म्हणतोय. ह्याला तेवढीही अक्कल नव्हती."

त्या रात्री कडक हिव पडलं आणि रातपाळीवाल्यांना मध्यरात्रीच तळावर परत पाठवलं. गोठलेलं बीट ढिगात गेलं की सगळा ढीग सडतो, त्यामुळे सकाळी आम्हा दिवसपाळीवाल्यांनाही आल्या पावली परत पाठवलं. मी तळावर आलो तेव्हा शेजारची ओपल तिच्या दारात घडीच्या खुर्चीवर, अंगावर दोन गोधड्या घेऊन कॉफी पीत बसली होती. तिने इथे आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त हंगाम काढलेले, त्यामुळे फडक्याचा कायदा तीच सांभाळायची.

"आज काय झोप लागली म्हणून सांगू," ती म्हणाली. "तुझा भाऊ घोरलाच नाही."

तिने हे कौतुकाने सांगितलं. थर्मनच्या घोरण्याने ट्रकवाले फसायचे, कुणीतरी इंजिन चालू ठेवून गेलंय समजायचे.

मी त्याच्या कॅम्परकडे पाहिलं. खिडकीच्या काचेवर आतून बोटभर बर्फ धरला होता. गॅस जळला की पाणी सुटतं, आणि त्या पाण्याला बाहेर पडायला थर्मनने फट ठेवली नव्हती. मी भिंतीला कान लावला. शेगडीचा फुसफुसता आवाज येत होता. माणसाचा येत नव्हता.

मी हात वर केला.

"फडकं आहे," ओपल म्हणाली.

"दिसतंय मला."

"मग?"

"घोरत नाहीये तो."

"देवानं ऐकलं असेल. ऐकतो कधीकधी."

मी हात खाली घेतला. भीती दोन्हीकडून होती. भाऊ मेला असेल ही एक, आणि नसेल तर वर्षभर माझ्याशी बोलणार नाही ही दुसरी. शहाण्या माणसाला यांत निवड करायला वेळ लागू नये. मला लागला.

मग मी दार ठोठावलं. काही नाही. मुठीने बडवलं. शेजारच्या तीन कॅम्परांतून शिव्या आल्या, याच्यातून एकही आली नाही. थर्मनने शिवी दिली नाही, असं माझ्या जन्मात घडलं नव्हतं.

दार ओढलं तर हलेना. दाराचं रबर चौकटीला गोठून चिकटलं होतं. ओपल कप ठेवून उठली, एक शब्द न बोलता सिलिंडरची चावी बंद केली आणि तिच्या कॅम्परमधून किटली घेऊन आली. ती फटीत गरम पाणी ओतत गेली, मी फावडं घालून दाबत गेलो. दार सुटलं तशी धुतल्या कपड्यांसारखी दमट वाफ अंगावर आली. वास कसलाच नव्हता; त्या विषारी वायूला तो नसतोच. वास असता तर बरं वाटलं असतं.

"श्वास रोख आणि घुस," ओपल म्हणाली. ती फोनवर अँब्युलन्सवाल्यांना ऑक्सिजन आणायला सांगत होती.

थर्मन पलंगावर होता. त्या वायूने गाल गुलाबी केले होते. इतका तरतरीत तो कैक वर्षांत दिसला नव्हता. मी त्याच्या काखांत हात घालून त्याला ओढत बाहेर हिवावर आणलं. त्याच्या घशात खरखर झाली, मग तो ओकला. ओपलने तिच्या दोन्ही गोधड्या त्याच्यावर टाकल्या.

"झोपू देऊ नकोस त्याला," ती म्हणाली. फडक्याचा कायदा सांभाळणाऱ्या बाईच्या तोंडून हे ऐकून माझं उरलंसुरलं धैर्य गेलं.

"थर्मन. ए थर्मन. मी कोण?"

त्याने डोळे किलकिले केले.

"दार लाव," तो म्हणाला. "थंडी आत येतेय."

आम्ही उघड्या माळावर होतो. वर आभाळ, चारी बाजूंना नांगरलेली बीटची शेतं.

"लावलं," मी म्हणालो.

मला वाटलं, आता शिवी येईल. मी तिची वाट पाहिली.

"हां," तो म्हणाला. "आता ऊब आहे." आणि डोळे मिटू लागला. मी त्याच्या गालावर मारलं, पुन्हा मारलं. रस्त्यावर अँब्युलन्स अजून दिसत नव्हती.