भाताचे बोलावणे

मी एक जुनी बांबूची टोपली आहे. टोपली म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर फुले नाहीतर भाजी येईल, म्हणून आधीच सांगून टाकते, माझे काम त्याहून वरचे आहे. माझ्यात भात शिजतो. हसू नका मित्रांनो. टोपलीत पाणी राहत नाही हे मलाही ठाऊक आहे. पाणी खाली पातेल्यात उकळते, मी त्या पातेल्याच्या तोंडावर बसते, आणि भिजवलेला चिकट तांदूळ माझ्या पोटात नुसत्या वाफेवर शिजतो. आमच्या लाओसमध्ये माझ्यासारखी टोपली नसलेले घर शोधूनही सापडायचे नाही.

मला खामसिंग नावाच्या माणसाने विणले. खांबांवर उभ्या असलेल्या घराखाली, सावलीत बसून तो बांबूच्या पातळ पट्ट्या काढायचा. बोलणे बेताचेच. एखादी पट्टी जराशी जाड निघाली तरी बाजूला टाकायचा. मी त्याच्या मुलीसाठी होते. तिचे नाव विलायवन, पण लहानपणी गोबरी होती म्हणून घरीदारी सगळे तिला तुई, म्हणजे आमच्या भाषेत गुबगुबीत, म्हणत. तिला डोंगरापलीकडे, व्हिएतनाममधल्या विन्ह शहरात नर्सिंगच्या कॉलेजात जागा मिळाली होती.

निघताना खामसिंगने मला तिच्या पिशवीवर बांधले आणि म्हणाला, "एकटी जेवू नकोस. दारावरून कोणी गेलं की हाक मार. चार जणं एका भाताला बसली की आपोआप आपली होतात."

"हो बाबा. जंगलात चाललेय का मी?" तुई म्हणाली. बस सुटेपर्यंत ती हसत होती. पुढच्या वळणावर रडली, ते फक्त मी पाहिले.

वसतिगृहाच्या खोलीत तिच्याबरोबर दोघी होत्या. हुयेन एका वर्षाने मोठी, चहाच्या गावातली, आवाज असा की जिन्यावरून हाक मारली तर गच्चीवर ऐकू जावी. दुसरीचे नाव माय, ती शहरातली, अभ्यासात हुशार, पण जिभेला हाड नाही. त्या वर्षी कॉलेजात लाओसची तुई एकटीच होती. भाषा ती शिकून आली होती, त्यामुळे वर्गात अडत नव्हते. अडले ते जेवणात.

पहिल्याच सकाळी तुईने भात शिजवला. तिने मला शेगडीवरून उतरवले, आणि काय सांगू, त्या वासाने मला स्वतःचाच अभिमान वाटला. भाजलेल्या मिरच्यांची चटणी घेऊन ती दारात बसली आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला म्हणू लागली, "या, भात खायला या!"

"खा गं, तू खा," म्हणत मुली गोड हसून पुढे जात. हुयेनसुद्धा तेच म्हणाली. तुई वाट पाहत राहिली. आमच्याकडे असे बोलावले की पोट भरलेला माणूसही निदान एक घास मोडून जातो. इथे कोणी थांबेना. भात गार होऊन कडक झाला. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मला वाटले, माझ्यातच काही खोट असेल.

मग एका संध्याकाळी माय तिच्या मैत्रिणींबरोबर जेवायला बसली होती. तुई आत आली तशी माय म्हणाली, "ये तुई, जेवायला ये."

तुईचा चेहरा असा खुलला! ती धावत जाऊन हात धुऊन आली आणि पंगतीत बसली. मायच्या हातातला चमचा क्षणभर तसाच राहिला. मोजून तिघींचा भात होता, माशाचे तुकडेही तीनच. तरी तिघींनी आपल्यातले थोडे थोडे तिला वाढले. तुई पोटभर जेवली आणि त्या रात्री किती दिवसांनी शांत झोपली.

सकाळी नळावर मायचे बोलणे तिच्या कानावर पडले. "तोंडदेखलं म्हटलं तर खरंच येऊन बसली की! आता भाताच्या वेळी तोंड उघडायची सोय नाही." सगळ्या खिदळल्या.

तुई रिकामा हंडा घेऊनच परतली. काय झाले ते तिला कळले होते. इथे जेवताना समोरच्याला बोलावणे ही रीत, आणि समोरच्याने नको म्हणणे हीसुद्धा रीत. तिला मेल्याहून मेल्यासारखे झाले. आणि तिने त्यातून आणखी एक गोष्ट काढली, की आपण रोज दारात बसून ओरडत होतो तेव्हाही या पोरी अशाच हसत असणार.

त्या दिवसापासून कोणी काहीही विचारले तरी ती म्हणायची, "तुम्ही घ्या, मला नको." सहलीला नको, बाजारात नको. दार लावून, भिंतीकडे तोंड करून ती पाकिटातल्या शेवया खायची. शेवयांना काय, गरम पाणी ओतले की झाले, तांदूळ भिजवायला नको, कोणाची वाट पाहायला नको. मला तिने खिळ्याला टांगले आणि विसरली. विन्हमध्ये हिवाळा सरता सरता बारीक झिमझिम लागते, कपडे वाळत नाहीत, भिंतींना घाम येतो. त्या ओलीत माझ्या अंगावर बुरशी चढली. बांबूला वाफ चालते मित्रांनो, नुसती ओल चालत नाही. मला फार वाईट वाटले, पण तुईकडे पाहिले की वाटायचे, हिला माझ्याहून जास्त बुरशी चढली आहे.

एकदा तिने वडिलांना फोन केला. "नवीन वर्षाला घरी येते बाबा. मग परत नाही जाणार."

 खामसिंग एवढेच म्हणाला, "बरं. ये." तो रागावला असता तर बरे झाले असते. तुईने पलंगाखालून मोठी पिशवी काढली आणि हळूहळू भरायला घेतली.

आमच्या लाओसचे नवीन वर्ष एप्रिलात येते, ते तोंडावर आलेले. एका सुट्टीच्या दुपारी हुयेनच्या घरून चहाची ताजी पाने आली. तिने भले मोठे पातेले भरून हिरवा चहा उकळला आणि आपल्या त्या प्रसिद्ध आवाजात हाका सुरू केल्या, "चहा प्यायला या गं! तुई, ये!"

"तू घे ताई, मला नको," तुई आतूनच म्हणाली.

"अगं ये! चांगला कडक झालाय."

"नको ताई, तू घे."

थोड्या वेळाने हुयेन दारात उभी. चेहरा लाल. "माझं काय चुकलं ते तरी सांग. आख्खा मजला आला आणि तू एकाच खोलीत राहून येत नाहीस? भांडायचं असेल तर सरळ भांड ना!"

तुई गांगरली. "भांडण कुठं ताई? मी तर इथली रीत पाळली. बोलावलं की नको म्हणायचं."

"ती भाताची रीत, वेडाबाई! भात मोजका असतो, तिथं नको म्हणायचं. चहाला नको म्हटलं तर बोलणं तुटलं असं धरतात आमच्याकडे. एवढं पातेलं मी काय एकटीच्या पोटात ओतणार होते?"

"आमच्याकडे भातालाच तसं असतं," तुई हळूच म्हणाली.

 हुयेनची नजर पिशवीवर गेली, मग खिळ्यावर, माझ्याकडे. "म्हणजे पहिल्या महिन्यात तू दारात बसून... तू खरंच बोलावत होतीस?"

तुईने मान हलवली, आणि इतके दिवस भिंतीला सांगितलेले रडू हुयेनच्या खांद्यावर सांडले. हुयेनही रडली. तिचे रडणेसुद्धा मोठ्या आवाजात, त्यामुळे कप हातात घेऊन माय दाराशी आली. तिने सगळे ऐकले. ती जिभेला हाड नसलेली मुलगी कप खाली ठेवून तुईजवळ येऊन बसली.

"उद्या करशील भात?" शेवटी ती म्हणाली. "मी नळावर जे बोलले ते फार वाईट होतं. उद्या तू बोलाव, मी येते. रीत म्हणून नाही सांगत."

त्या संध्याकाळी तुईने मला घासून घासून धुतले. बुरशीचे काळे डाग गेले नाहीत, ते अजून आहेत. तांदूळ तिने पातेलेभर भिजवला. आणि सकाळी त्या मुलींनी माझ्यातल्या भाताचा असा फडशा पाडला की तळाशी शीत उरले नाही. मायने बोटे भाजून घेतली आणि तरी थांबली नाही.

नवीन वर्षाला तुई घरी निघाली. पिशवी भरलेलीच होती. तिने माझ्याकडे हात केला तेव्हा मला वाटले, संपले सगळे, कारण मला घेऊन जाणे म्हणजे परत न येणे. दोघी मैत्रिणी दारात उभ्या राहून पाहत होत्या. तिने मला खिळ्यावरून काढले आणि हुयेनच्या हातात दिले. "मी येईपर्यंत हिला ऊन दाखव ताई."

हुयेनने डोळे पुसले. उन्हाळ्यात इथे विन्हमध्ये जो गरम वारा सुटतो त्याला इथले लोक लाओसचा वारा म्हणतात. "दाखवते," ती म्हणाली. "आणि येताना तुमचा तो वारा तेवढा तिकडेच बांधून ठेव!"

तुई आली, आणि वाराही आला. पुढे तुई नर्स होऊन आपल्या गावी गेली, पण नव्या मुलींसाठी मला इथेच ठेवून गेली. दूरच्या देशांतून येतात बिचाऱ्या. पहिले काही दिवस सगळ्या म्हणतात, "मला नको, तुम्ही खा." मित्रांनो, माझे वय झाले आहे, कड उसवली आहे, मी आणखी किती भात शिजवीन सांगता येत नाही. तुमच्याकडे एकच मागणे आहे. असे कोणी म्हणाले तर लगेच पुढे जाऊ नका. दारात उभे राहा, आणि पुन्हा एकदा बोलवा.